कुळाचा शोध: आधी गाव, मग नाव

घराण्याचा इतिहास शोधायला ग्रंथालयात जाताना नुसते आडनाव पुरत नाही. एकाच आडनावाची कितीतरी घराणी असतात. म्हणून आधी घरीच एक तक्ता करावा: आपल्यापासून मागे एकेक पिढी आणि प्रत्येकापुढे वडिलांचे नाव, मूळ गाव, कुलदैवत. गाव पक्के झाले की शोधाला दिशा मिळते.

मग ग्रंथालय गाठावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (1893) अशा जुन्या संस्थांत आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत (घराण्याची माहिती आणि वंशावळी देणारा ग्रंथ) आहे का, ते विचारावे. मिळाला तर आधी गोत्र आणि गाव ताडून पाहावे, मगच वंशावळीत आपली शाखा शोधावी. यातली बरीच माहिती कुटुंबांनीच सांगितलेली असते, त्यामुळे प्रत्येक दुव्याला वेगळा कागद हवा.

तो कागद बहुधा तालुक्याच्या अभिलेख कक्षात सापडतो. गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तिच्या जोडीला शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. मोडी येत नसेल तर मोडी वाचकाची मदत घ्यावी.

घराणे वतनदार असेल, तर पुढचा टप्पा पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर. तिथे कापडात बांधलेले कागदांचे रुमाल आहेत. तारखेला बहुधा सुहूर सन असतो. तो मृगापासून सुरू होतो. म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600 मिळवावेत. पानिपतची लढाई सुहूर 1161 मध्ये, जानेवारीत झाली. 600 मिळवले की 1761 येते.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. आलेल्या यजमानाने स्वतः लिहिलेली कुटुंबाची नावे तिथे मिळतात.

वंशावळीत बायकांची नावे हमखास गळतात. आजीचा शोध तिच्या माहेरच्या कुलवृत्तांतातही घ्यावा आणि आपण वंशावळ लिहू तेव्हा लेकी-सुना नावानिशी नोंदवाव्यात. प्रत्येक नावापुढे कागद कुठे पाहिला ते लिहावे आणि एक प्रत गावच्या वाचनालयाला द्यावी. त्याच गावचा इतिहास शोधणाऱ्याचे निम्मे काम त्यामुळे वाचेल.