संकटकाळची वाट

सिनेमागृहात प्रवेश करणारा मनुष्य आपली खुर्ची शोधतो, दारे शोधीत नाही. आलो त्याच दाराने परत जाऊ, अशी त्याची सहज समजूत असते. आग लागली म्हणजे हीच समजूत घातक ठरते. सारी गर्दी परिचित दाराकडे लोटते आणि जवळचे दुसरे दार दुर्लक्षित राहते. त्या दाराची ओळख करून देणे, हे त्यावरील पाटीचे कार्य होय.

धुरात अक्षरे वाचावयास सवड नसते. शिवाय आपल्याकडे एकाच सभागृहात अनेक भाषा बोलणारी माणसे बसलेली असतात. म्हणून पाटीने शब्दांआधी चित्राने बोलावे. हिरव्या पार्श्वभूमीवर दाराकडे धावणाऱ्या माणसाचे सर्वपरिचित चित्र जपानमध्ये जन्मास आले. १९७२ साली ओसाका येथील सेन्निची इमारतीच्या आगीत ११८ माणसे दगावली. त्या दशकातील अशा आगींनंतर युकिओ ओता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चित्र घडविले. लाल रंग धोक्याचा व अग्निशामक साधनांचा. हिरवा सुरक्षिततेचा, असा हा संकेत आहे.

पाटी स्वयंप्रकाशित असावी, किंवा वीज गेल्यावरही तिच्यावर उजेड राहावा. धूर प्रथम छताशी साचतो. म्हणून जमिनीलगतही दिशादर्शक खुणा उपयोगी पडतात. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निर्गमद्वार आतून किल्लीवाचून उघडले पाहिजे आणि दिशेचा भ्रम होऊ नये म्हणून त्या मार्गावर आरसे लावता कामा नयेत.

परंतु केवळ पाटीने प्राण वाचत नाहीत. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर वर बाल्कनीत शिरला. तेथे जादा खुर्च्यांसाठी उजवीकडची वाट बुजविलेली होती आणि आपत्कालीन दिव्यांची सोय नव्हती. ५९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना ज्वाळांनी नव्हे, धुराने गाठले.

पाटी हे प्रेक्षकाला दिलेले वचन आहे. ते पाळण्याचा भार मालकावर आणि इमारतीस परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर असतो. तपासणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने ते दार स्वतः ढकलून पाहिले पाहिजे. प्रेक्षकानेही खुर्चीवर बसण्यापूर्वी क्षणभर थांबून जवळची हिरवी पाटी हेरून ठेवावी आणि तिच्याखालच्या दाराला कुलूप दिसल्यास व्यवस्थापकास तेथेच जाब विचारावा.