सिस्टर, मावशी, मामा... आणि ब्रदर?

सरकारी दवाखान्यात गेलेल्या माणसाला तिथली नाती कुणी शिकवावी लागत नाहीत. पांढऱ्या कोटातले ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’, सलाईन लावणाऱ्या ‘सिस्टर’, झाडलोट आणि बेडपॅन बघणाऱ्या ‘मावशी’, स्ट्रेचर ढकलणारे ‘मामा’. या घरात एक माणूस मात्र नेमका कुठे बसवावा ते लोकांना अजून कळत नाही. नर्सिंगचे शिक्षण घेतलेला, इंजेक्शन देणारा, रक्तदाब मोजणारा, रात्रभर वॉर्ड सांभाळणारा पुरुष. कर्मचारी त्याला ‘ब्रदर’ म्हणतात. रुग्ण त्याला कधी ‘डॉक्टरसाहेब’, कधी ‘कंपाउंडर’, तर कधी ‘मामा’ म्हणतात. सरकारी कागदावर त्याचे पद बहुतेक वेळा ‘अधिपरिचारिका’ असेच छापलेले असते.

हा केवळ शब्दांचा गोंधळ असता तर हसून सोडून देता आला असता. पण माणूस कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याच्या हातावर विश्वास कसा बसणार? आणि रुग्णालयात विश्वासाला वेळ लागला की त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

रात्रीचा वॉर्ड

नांदेड–हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापूरसारख्या गावाचा विचार करा. आजूबाजूला सोयाबीन, कापूस, हळदीची शेते. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके परिचर्या कर्मचारी आणि रात्री बहुधा एक डॉक्टर. खरिपात सर्पदंशाचा रुग्ण येतो, फवारणीतून विषबाधा झालेला येतो, रस्त्यावरचा अपघात येतो. मोठा दवाखाना म्हणजे हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय. तिथे पोहोचेपर्यंतचा वेळ इथल्याच हातांनी सांभाळायचा असतो.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. रुग्ण आला की कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष रक्तात भिनले आहे असे समजायचे. नाग किंवा मण्यार असेल तर रक्त गोठते, पण पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. त्यामुळे पापण्या आणि श्वास यांवर सतत नजर ठेवावी लागते. प्रतिविष सुरू केल्यावर अंगावर पित्त उठणे, रक्तदाब घसरणे अशी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी लागते. निर्णय डॉक्टरांचा असतो. पण नळीकडे, श्वासाकडे आणि सलाईनच्या थेंबाकडे डोळे लावून बसणारी व्यक्ती ही परिचर्येतली असते. ती स्त्री असो वा पुरुष, काम तेच असते.

मग अडचण कुठे येते? सर्पदंशात येत नाही. तिथे नातेवाईक ब्रदरचे पायही धरतात. अडचण येते ती स्त्री रुग्णाच्या ईसीजीला, कमरेतल्या इंजेक्शनला, लघवीच्या नळीला. ‘सिस्टरला बोलवा’, ‘बाई माणूस नाही का कुणी?’ हे वाक्य प्रत्येक ब्रदरला पाठ असते.

संकोच खरा आहे

या वाक्याला हसण्याचे कारण नाही. परक्या पुरुषासमोर अंग उघडे करण्याचा संकोच खरा असतो आणि त्याचा मान राखणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय उभे राहिले ते याच गरजेतून. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा अंगावर आजार काढणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्या होत्या, त्यासाठी डॉ. एडिथ पीची इंग्लंडहून मुंबईत आल्या. आजही रुग्णहक्कांच्या सनदेनुसार पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असेल, तर तिथे एक स्त्री उपस्थित असणे हा रुग्णाचा हक्क आहे.

मात्र एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. पुरुष शल्यचिकित्सक, पुरुष स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडे आज गावोगावच्या बायका जातात, तपासून घेतात, बाळंत होतात. डॉक्टर पुरुष असलेला चालतो. ब्रदर चालत नाही. म्हणजे प्रश्न फक्त पुरुष असण्याचा उरत नाही. डॉक्टरच्या पदवीची लोकांना खात्री असते, म्हणून त्याचा स्पर्श हा ‘तपासणी’ ठरतो. ब्रदर काय शिकून आला आहे हे ठाऊकच नसते, म्हणून त्याचा स्पर्श नुसता पुरुषाचा स्पर्श ठरतो.

खरे तर जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा ४ वर्षांचा असतो. शरीररचना, औषधे, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रियेनंतरची काळजी, मनोविकार, बालसंगोपन हे सगळे त्यात येते. परीक्षा आणि परिषदेकडची नोंदणी मुलगा-मुलगी दोघांनाही असते. पूर्वी पुरुष विद्यार्थ्यांना प्रसूतीचा विषय वगळून दुसरा विषय दिला जाई; आता तोही सर्वांसाठी आहे.

ज्याच्या हेतूवर सतत शंका घेतली जाते, तो माणूस हात आखडता घेतो. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात जोन इव्हान्स या संशोधिकेने पुरुष परिचारकांच्या मुलाखती घेऊन २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्पर्शाचा चुकीचा अर्थ काढला जाईल या भीतीने हे लोक फार सावधपणे वागतात, असे त्यात आढळले. परिचर्येत स्पर्श टाळता येत नाही. ताप पाहणे, कूस वळवणे, घाबरलेल्या रुग्णाचा हात धरणे हेच तर काम. ते भीत भीत केले, तर काळजी अर्धीच पोहोचते.

मिनिटांचा हिशेब

छातीत दुखत असलेला रुग्ण आला, तर त्याचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघावा असा जगभरचा दंडक आहे. ईसीजीसाठी छातीवर ठरलेल्या जागी सहा तारा लावाव्या लागतात. जागा चुकली तर आलेख चुकीचा येतो. ड्युटीवर ब्रदर आहे, सिस्टर प्रसूतिगृहात अडकली आहे आणि नातेवाईक म्हणतात, ‘थांबू आपण.’ स्त्रियांमधला हृदयविकार आधीच उशिरा ओळखला जातो, कारण दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे अशी लक्षणे ‘पित्त’ म्हणून अंगावर काढली जातात. त्यात ही वाट पाहण्याची भर पडते.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात तर हिशेब याहून कडक. उपचाराविना दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करणे, ऑक्सिटोसिन देणे, दुसऱ्या शिरेतून सलाईन चालू करणे हे तिथे हजर असलेल्या प्रशिक्षित माणसाने ताबडतोब करायचे असते.

सहकाऱ्यांच्या नजरेत

रुग्णांचे एक वेळ समजता येते. सहकारी तर सगळे जाणतात. तरीही ब्रदरच्या वाट्याला येणारी कामे ठरलेली असतात. जड रुग्ण उचलायचा, ब्रदरला बोलवा. दारू पिऊन आलेला आवरत नाही, ब्रदरला पाठवा. ऑक्सिजनचा सिलिंडर, पोलीस केस, कॉम्प्युटरवरची नोंद, सलग रात्रपाळी, सगळीकडे ब्रदर. पाठीचे दुखणे हा परिचर्येतला सर्वांचाच आजार. पण ‘गडी माणूस आहे, उचलेल’ या समजुतीने एकाच पाठीवर भार पडत गेला की ती लवकर जाते.

चिडलेला जमाव वॉर्डात शिरला की पुढे उभे राहणेही त्याच्याकडेच येते. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला; त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परिचारक-परिचारिका दोघेही त्याच्या संरक्षणात येतात. पण पुरुष असल्याने ‘दोन धक्के खाल्ले तर काय झाले’ असे मानले जाते आणि तक्रार नोंदवायची राहून जाते.

याशिवाय लहान लहान गोष्टी आहेत. कपडे बदलायची खोली एकच आणि ती बायकांची. नियुक्तीच्या आदेशात पदनाम स्त्रीलिंगी. लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला घरचेच ‘दवाखान्यात आहे’ असे मोघम उत्तर देतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांत ‘स्टाफ नर्स’ऐवजी ‘नर्सिंग ऑफिसर’ हे नाव आणले. नाव बदलले म्हणून नजर लगेच बदलत नाही, पण ‘ऑफिसर’ला लिंग नाही, हेही काही कमी नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या व्यवसायाचा बहुतांश भार स्त्रियांनी वाहिला आहे. जगभरच्या परिचर्या मनुष्यबळात त्या अजूनही सुमारे ८५ टक्के आहेत. कमी लेखले जाणे, छेडछाड, रात्रीची असुरक्षितता हे त्यांनी पिढ्यानपिढ्या सोसले. शिवाय अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की स्त्रीबहुल व्यवसायांत शिरलेले पुरुष उलट लवकर वर चढतात. त्याला त्यांनी ‘काचेचा सरकता जिना’ म्हटले. म्हणून पुरुषांची अडचण सांगताना स्त्रियांची खुर्ची ओढून घेण्याचा विचार कुणी करू नये.

दारे किती उघडी?

एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांना आणि २० टक्के पुरुषांना, असे सूत्र २०१९ मध्ये ठरले. स्त्री रुग्णांसाठी पुरेशा परिचारिका हव्यात हा त्यामागचा युक्तिवाद. नोंदणी आणि पात्रता एकच असताना दार वेगळे का, हा पुरुष उमेदवारांचा सवाल. लष्कराच्या परिचर्या सेवेत १९४३ च्या अध्यादेशानुसार फक्त स्त्रियाच येतात आणि त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. इतर देशही अशाच वाटेने गेले. अमेरिकी सैन्याने पुरुष परिचारकाला अधिकारीपद दिले ते १९५५ मध्ये. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना सदस्यत्व दिले ते १९६० मध्ये.

आपल्याकडे मात्र जुना दाखला वेगळे सांगतो. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाचे गुणही चारच: सेवेचे ज्ञान, कामातली तत्परता, रुग्णाविषयी माया आणि स्वच्छता. ज्ञान, तत्परता, माया, स्वच्छता यांपैकी एकही गुण फक्त बाईचा किंवा फक्त पुरुषाचा नाही.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खाटा वाढतील तशी परिचर्येतली माणसे लागतील आणि आसपासच्या गावांतली मुले-मुली दोघेही या शिक्षणाकडे वळतील. त्यांच्यासाठी आजपासून करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही.

रुग्णालयाने प्रत्येकाच्या खिशावर नाव आणि पद मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावे. ब्रदरने हात लावण्याआधी आपले नाव, पद आणि काय करणार हे सांगावे, पडदा ओढावा, लागेल तेवढेच अंग उघडे करावे, बाकी चादरीने झाकावे. स्त्री रुग्णाजवळ घरातली बाई किंवा मावशी उभी ठेवावी. वॉर्डप्रमुखांनी जड कामे आणि रात्रपाळ्या सगळ्यांत वाटाव्यात. शक्य तिथे रुग्णाला निवड द्यावी. जीव धोक्यात असेल तिथे वाट पाहण्यातला धोका स्पष्ट शब्दांत सांगावा.

रुग्णाच्या घरच्यांनीही एवढे करावे. ‘बाई माणूस हवी’ असे वाटले तर जरूर सांगावे, ते मागणे गैर नाही. पण छातीत दुखणे, धाप, झटके, विषबाधा किंवा रक्तस्राव असेल तर त्यासाठी थांबू नये. रुग्णाजवळ घरातली एक बाई उभी करावी आणि ब्रदरला त्याचे काम करू द्यावे. त्याच्याबद्दल शंका असेल तर एकच प्रश्न पुरेसा आहे: ‘आपण नर्सिंग झालेले ना?’ उत्तर ‘हो’ आले, की पुढची मिनिटे रुग्णाची आहेत.