अंतर एकच, वेळ दोन

या रे, बसा इकडे. आज एका वाऱ्याची गोष्ट सांगतो.

न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर विमानाने सुमारे साडेपाच हजार किलोमीटर. शहरं तीच, विमानंही तीच. पण न्यूयॉर्कहून निघालात तर साडेसहा-सात तासांत पोचता आणि परत यायला मात्र आठेक तास लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तर नवलच झालं. अटलांटिकवर ‘सियारा’ वादळ घोंघावत होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ चक्क ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं! जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता.

जाताना आणि येताना हा फरक का? पृथ्वी फिरते म्हणून, असं म्हणणार ना तुम्ही? पण पृथ्वी फिरते पूर्वेकडे. नुसतं तेवढंच असतं, तर लंडन उलट विमानापासून दूर पळालं असतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. खरी गंमत त्या हवेतच आहे.

विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, लंडनजवळची मात्र हजाराच्या आसपास. दक्षिणेकडची उबदार हवा उत्तरेकडे सरकली, की जुना वेग अंगात घेऊनच येते आणि खालच्या जमिनीच्या पुढे, पूर्वेकडे धावू लागते. ध्रुवाकडची गार हवा तिला जिथे भेटते, तिथे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो. त्याला म्हणतात जेट स्ट्रीम. हिवाळ्यात दोन्ही हवांमधला फरक वाढतो, म्हणून तेव्हा याचा जोरही जास्त. भरतीच्या पाण्यावर होडी सोडावी, तसं वैमानिक पूर्वेकडे जाताना विमान या पट्ट्यात घालतात. परतताना तो चुकवायला वाट वाकडी करतात, पुष्कळदा थेट ग्रीनलंडच्या बाजूने. लांब पडली तरी तीच वाट लवकर पोचवते, बरं का!

हा वारा आधी कोणी मोजला? जपानच्या वासाबुरो ओइशींनी. विमानं एवढ्या उंचीवर सहसा जातही नव्हती, तेव्हा ते तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग घेत. जगाने वाचावं म्हणून १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या जगासाठी घडवलेल्या भाषेत लिहिला. फारसा कोणी वाचलाच नाही! मला फार हळहळ वाटते त्या माणसाची. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर पोचली आणि समोरच्या वाऱ्यात जागच्या जागी अडल्यासारखी झाली, तेव्हा कुठे त्या वाऱ्याचा धाक जगाला कळला.

आपल्याकडेही असा एक वारा आहे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर, ढगांच्याही वर तो वाहतो, आणि तो मात्र उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्याचा अभ्यास मांडला आपल्याच पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ साली.