गिळलेला घास परत तोंडात येतो? घशातल्या पिशवीविषयी

आजोबांचं जेवण पूर्वी वीस मिनिटांत उरकायचं, आता पाऊण तास लागतो. भाकरी रश्श्यात कुस्करून, अगदी मऊ करून खातात. लग्नाच्या पंगतीला यायचं टाळतात. घरचे म्हणतात, "वय झालं, दात गेले." कोल्हापूरकडच्या अनेक घरांत हे चालतं. वयानुसार गिळणं थोडं मंदावतं हे खरं, पण घास वारंवार अडकत असेल तर त्यामागे काहीतरी कारण असतंच. त्यातलं एक कारण तसं कमी आढळतं, पण ओळखू आलं तर त्यावर चांगला उपाय आहे. ते म्हणजे घशातली पिशवी.

पिशवी कशी तयार होते?

घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे एक स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि घास आला की क्षणभर सैल होतो. वयाबरोबर तो ताठर झाला तर घास ढकलायला वरून जास्त दाब लागतो. त्याच्या जरा वर, घशाच्या मागच्या भिंतीत, एक कमकुवत जागा असते. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथून आतलं अस्तर मागे फुगतं. सायकलच्या टायरला चीर पडली की ट्यूब बाहेर फुगते, तसंच. डॉक्टर हिला 'झेंकर्स डायव्हर्टिक्युलम' म्हणतात. जर्मन पॅथॉलॉजिस्ट झेंकर यांनी १८७७ मध्ये या विकाराचं सविस्तर वर्णन केलं होतं. चाळिशीच्या आत हा विकार क्वचितच दिसतो. बहुतेक रुग्ण सत्तरीच्या आसपासचे किंवा पुढचे असतात आणि त्यात पुरुष जास्त.

पित्त की पिशवी?

बरेच रुग्ण आधी महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या खातात. फरक साधा आहे. पित्तात वर येणारं आंबट-कडू लागतं. पिशवीतलं अन्न पोटात पोचलेलंच नसतं, त्यामुळे ते आंबट न होता जसंच्या तसं, कधी काही तासांनी, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर तोंडात येतं. सकाळी उशीवर रात्रीच्या भाताची शितं सापडली, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. तोंडाला वास येणं, गिळताना मानेत गुडगुड आवाज होणं आणि गोळ्या अडकणं हीही लक्षणं आहेत. खरा धोका फुप्फुसांना असतो. साठलेलं अन्न झोपेत श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. वयस्कर माणसाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत असेल, तर त्यांच्या गिळण्याची तपासणी करून घ्या.

तपासणी आणि उपचार

कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कोल्हापुरात सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही सुरुवात करता येईल. बेरियम स्वॅलो तपासणीत पांढरं, खडूसारखं द्रव गिळायला देऊन एक्स-रे काढतात आणि त्यात पिशवी स्पष्ट दिसते. निदान झालं असेल, तर पुढे कधीही दुर्बिणीची तपासणी किंवा नाकातून नळी घालायची वेळ आली की आधी तसं सांगा. नळी पिशवीत शिरून भोक पडू शकतं.

लहान आणि त्रास न देणाऱ्या पिशवीला काही करावं लागत नाही. त्रास असेल तर औषधाने ती जात नाही. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधला पडदा, ज्यात तो ताठर स्नायू असतो, दुर्बिणीने तोंडातूनच कापतात. बाहेर टाका नसतो. कडक दुर्बिणीसाठी मात्र तोंड पुरेसं उघडावं लागतं आणि मान मागे वळावी लागते. गुटखा-सुपारीमुळे जबडा आखडलेल्यांना इथेच अडचण येते. मग लवचीक दुर्बीण किंवा मानेवरची शस्त्रक्रिया असे पर्याय असतात. काहींना काही वर्षांनी त्रास पुन्हा होतो.

तोवर अन्न मऊ आणि घास लहान ठेवा, ताठ बसून जेवा आणि जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका. गोळ्या कुटून देण्याआधी विचारा, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

थांबू नये असं केव्हा?

आधी भाकरी, मग भात, मग पाणीही अडकू लागलं, वजन झपाट्याने उतरलं, आवाज बसला किंवा थुंकीत रक्त आलं, तर पिशवीपेक्षा अन्ननलिकेच्या किंवा घशाच्या कर्करोगाची शंका आधी दूर करावी लागते. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक आठवडाही घालवू नये. गिळण्याचा त्रास अचानक, तोंड वाकडं होऊन किंवा बोबडी वळून सुरू झाला तर तो पक्षाघात असू शकतो. लाळही गिळता येत नसेल किंवा ठसक्यानंतर ताप आणि धाप लागली असेल, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. पक्षाघाताची शंका असेल तर वाटेत पाणीसुद्धा पाजू नका.