आकाशातून येणारे रक्त नेमके कुठे उतरणार?

पावसाळ्यात नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, की पलीकडचे ग्रामीण रुग्णालय जिल्ह्यापासून तुटते. अशा वेळी बाळंतपणानंतर एखाद्या मातेचा रक्तस्राव थांबत नसेल, तर रक्ताची पिशवी किती मिनिटांत पोहोचते यावर तिचा जीव अवलंबून असतो. रवांडा या डोंगराळ देशात २०१६ पासून ड्रोनने रक्त पोहोचवले जाते. तेथील अनुभवाच्या २०२२ मधील अभ्यासात, रस्त्याच्या तुलनेत सरासरी तासाहून अधिक वेळ वाचल्याचे आढळले. आपल्याकडेही डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप गावी ३०० लसमात्रा ड्रोनने गेल्या. सुमारे २० किलोमीटरचे अंतर जेमतेम दहा मिनिटांत कापले गेले.

पण ड्रोनला जागा सापडते कशी? सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह वेळेचे संदेश पाठवत असतात. संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतर आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून ठिकाण काढले जाते. येथे सेकंदाच्या एक अब्जांशाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरचा फरक! त्यात वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना संदेश रेंगाळतो. चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ असल्याने भारतात हा त्रास जास्त. परिणामी साध्या यंत्राची चूक काही मीटरची असते. मोटारचालकाला ती चालते. रुग्णालयाच्या छोट्या गच्चीवर उतरणाऱ्या ड्रोनला मात्र तेवढ्या फरकाने शेजारचे झाड किंवा विजेची तार गाठू शकते.

यावरचा उपाय अंगणवाडीतल्या वजनकाट्यासारखा आहे. काट्यावर एक किलोचे माप ठेवल्यावर तो अकराशे ग्रॅम दाखवत असेल, तर चूक शंभर ग्रॅमची. बाळाच्या वजनातून तेवढे वजा केले की झाले. तसेच, ज्याची जागा आधीच अचूक मोजलेली आहे असे एक केंद्र जमिनीवर असते. उपग्रहांचे संदेश त्याला किती चुकवतात हे ते सतत पाहते आणि दुरुस्ती रेडिओ किंवा मोबाइल नेटवर्कवरून ड्रोनला कळवते. ड्रोनमधले टपालाच्या तिकिटाएवढे यंत्र ही दुरुस्ती लावतेच. शिवाय सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरीचा नेमका कोणता भाग पोहोचला, हेही मोजते. मग चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. या पद्धतीला ‘आरटीके’ म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा केंद्रांचे जाळे देशभर उभारले आहे. स्वामित्व योजनेत गावठाणांच्या ड्रोन मोजणीसाठी त्याचा उपयोग होतो.

मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. ड्रोन जमिनीवरच्या केंद्रापासून दूर गेला की अचूकता घटते. दरीत किंवा उंच इमारतींजवळ संदेश अडतात, परावर्तित होतात. नेटवर्क गेले की दुरुस्ती थांबते. आणि दुर्गम भागात नेटवर्कचीच वानवा असते. शिवाय हे यंत्र ‘मी कुठे आहे’ एवढेच सांगते. समोरची तार पाहायला वेगळे संवेदक लागतात.

पिशवी गच्चीवर अचूक उतरली तरी पुढचे काम माणसांचेच. रक्त दोन ते सहा अंश तापमानात राखणारा शीतकपाट, त्याला अखंड वीज, रक्तगट जुळवणारा तंत्रज्ञ आणि रात्री जागी असलेली परिचारिका नसेल, तर सेंटिमीटरची अचूकता त्या मातेच्या काय कामाची?