जुना लॅपटॉप, नवा संसार

दिवाळीची साफसफाई निघाली, की पितळी समया आणि जुन्या अंकांचे गठ्ठे यांच्याबरोबर हल्ली माळ्यावरून आणखी एक वस्तू खाली येते. ती म्हणजे जुना लॅपटॉप! पडदा शाबूत, कळफलक शाबूत. पण सुरू केला, की चहा उकळून गाळून होईपर्यंत काही तो जागा होत नाही. भंगारवाल्याला द्यायला मन धजत नाही आणि ठेवायला घरात जागा नाही.

अशा यंत्रांची संख्या आता वाढणारच. विंडोज १०ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. आणि विंडोज ११ला जो प्रोसेसर व टीपीएम नावाची जी सुरक्षा-व्यवस्था लागते, ती कित्येक जुन्या लॅपटॉपांत नाही. दुरुस्ती थांबली तरी यंत्र चालते, हे खरे. पण अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकणे म्हणजे कडी मोडलेल्या घरात दागिने ठेवण्यासारखेच नव्हे काय?

यावर एक चांगला उपाय म्हणजे लिनक्स. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आणि या दोहोंच्या मेळातून ही प्रणाली वाढली. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे तिकडे बराच घोळ झाला. मराठीत तो होण्याचे कारण नाही. लिनक्स बहुधा मोफत मिळते. पण तिचे खरे वैशिष्ट्य असे, की ती मुक्त आहे. तिची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. म्हणूनच जुन्या यंत्राला ‘तुझे वय झाले’ असे बजावण्याचा अधिकार कोणा एकाच कंपनीकडे राहत नाही.

मात्र या मुक्तपणामुळेच लिनक्सचे शेकडो प्रकार झाले आहेत, आणि नवखा माणूस तेथेच गांगरतो. त्याने दोनच प्रश्न विचारावेत : यंत्राची ताकद किती, आणि ते वापरणार कोण?

ताकद म्हणजे मुख्यतः रॅम. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ या भागात ती पाहता येते. चार जीबी किंवा अधिक रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल, तर नवशिक्याने लिनक्स मिंट निवडावे. २००६ साली सुरू झालेल्या या प्रणालीची ठेवण विंडोजसारखी आहे : खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. फायरफॉक्स व लिबरऑफिस सोबतच येतात. तिच्या तीन आवृत्त्यांपैकी सिनॅमन देखणी, तर एक्सएफसीई हलकी. चार जीबीच्या यंत्राला हलकीच बरी. २०२४ साली आलेल्या मिंट २२ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. दोनच जीबी असतील, तर लुबंटू पाहावे. पण प्रणाली कितीही हलकी असली, तरी आजची संकेतस्थळे जडच आहेत. तेव्हा दहा पाने एकदम उघडण्याचा हट्ट धरू नये. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली, तर मात्र यंत्राची चाल चांगलीच सुधारते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आजोबांना वर्तमानपत्र वाचायचे आहे, चिरंजीवांना निबंध लिहायचा आहे, तर काहीच अडचण नाही. पण घरात कोणी टॅली वापरत असेल, किंवा डिजिटल सहीची किल्ली लावून विवरणपत्रे भरत असेल, तर आधी नीट चौकशी करावी. टॅली विंडोजसाठीच बनलेले आहे. जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूरही आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. नाहीतर स्वतःचाच लेख परग्रहावरून आल्यासारखा दिसेल.

सोयरीक जमवण्यापूर्वी आपण स्थळ पाहतो, तशी येथेही सोय आहे. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून घ्यावी आणि बलेनाएचर या साधनाने ती आठ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी. यंत्र सुरू होताना एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. हार्डडिस्कला धक्का न लावता लिनक्स समोर उघडते. मग वायफाय जोडून पाहावे, आवाज ऐकावा, कॅमेरा तपासावा, छपाईयंत्र जोडावे, झाकण मिटून पुन्हा उघडावे. देवनागरीचा कळफलक जोडून मराठीत चार ओळी टंकून पाहाव्यात. काही अडले, तर पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. जुना संसार जसाच्या तसा असतो.

सर्व पसंत पडले, तरी ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, तर तीवरचे सारे जाते. लग्नाचे फोटो, नातवाचे पहिले पाऊल, वडिलांच्या आवाजाची एखादी ध्वनिफीत, हे पुन्हा कोठून मिळणार? हे सर्व बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे; आणि ते तेथे खरोखर उघडते की नाही, हे दुसऱ्या यंत्रावर पाहून मगच पुढे जावे.

शेवटची गोष्ट घरच्या व्यवस्थेची. प्रणाली बसवून देणारा भाचा सुट्टी संपली, की निघून जातो. तो जाण्यापूर्वी सुधारणा कशा घ्यायच्या, हे घरातल्या एका माणसाने त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने करून पाहावे. मिंटमध्ये त्यासाठी एक बटण आहे. आठवड्यातून एकदा ते दाबण्याचे काम आजीकडे सोपवले, तरी बिघडत नाही. देवापुढचा दिवा विसरत नाही, ती हेही विसरणार नाही.