खडकीतील एक दिवस : रणभूमी, स्मारके आणि जायबंदी जवान

पुणे : युद्धभूमींच्या पर्यटनाला चालना देण्यासाठी केंद्र सरकारने १५ जानेवारी २०२५ रोजी, सेनादिनी, ‘भारत रणभूमी दर्शन’ हा उपक्रम सुरू केला. कारगिल, गलवान, लोंगेवाला ही नावे त्यामुळे पर्यटकांच्या यादीत आली. मात्र रणभूमी पाहण्यासाठी दर वेळी सीमा गाठावी लागते असे नाही. पुण्याजवळच्या खडकीत जाणत्या मार्गदर्शकासोबत एक दिवस काढला, तरी दोन शतकांचा लष्करी इतिहास समोर येतो.

गणेशखिंडीलगतच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा भिडल्या. सेनापती बापू गोखले मैदानात होते, तर दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. संख्याबळ पेशव्यांकडे होते. तरीही मराठा घोडदळ दलदलीत अडकले, मोरोपंत दीक्षित पडले आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढले. आज या माळावर वसाहती आहेत. जाणकार सोबत नसेल, तर प्रवाशाला वाहतुकीखेरीज काही दिसणार नाही.

पुढे खडकी छावणी झाली. दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये आला. बॉम्बे सॅपर्सचे केंद्रही येथेच आहे.

युद्ध स्मशानभूमीत मात्र सावकाश फिरावे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिक येथे विसावले आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, त्या येथे हलवण्यात आल्या. पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक जणांची केवळ नावे आहेत. त्यांच्या कबरी भारत व पाकिस्तानात विखुरलेल्या आहेत.

परंतु युद्धातून परतलेल्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर दगडांत सापडत नाही. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. चित्रपट येईपर्यंत बहुतेकांना ते नाव ठाऊक नव्हते, ही गोष्ट वेगळी.

१९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झाले. इजा पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही. सर्वच जण लढाईत जखमी झालेले नसतात. वाहन दरीत कोसळल्यानेही असे अपंगत्व येते. संवेदना नसल्याने शय्याव्रणाचा धोका कायमचा, म्हणून ठराविक वेळाने कूस बदलावी लागते. तरीही येथे व्हीलचेअर बास्केटबॉल रंगतो आणि काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

रहिवाशांचे हे घर असल्याने केंद्राची पूर्वपरवानगी घेऊनच तेथे जावे आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. सहलीच्या आखणीत या भेटीसाठी शेवटची पंधरा मिनिटे न ठेवता निवांत दोन तास राखून ठेवणे योग्य.